छावणीत जन्मलेले बाबासाहेब आणि लढाईला नकार देणारा सिद्धार्थ

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला, हे आपल्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ असते. महू ही लष्कराची छावणी होती, हे मात्र आपण एका दमात सांगून पुढे जातो. आम्हाला तिथेच थोडे थांबायचे आहे. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आईच्या माहेरी, मुरबाडकरांकडेही, सुभेदार-मेजरपर्यंत पोचलेली माणसे होती. फौजेतल्या शिपायांच्या मुलांना शाळा सक्तीची होती. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावरही महाराच्या मुलाला जागा नव्हती, त्या काळात छावणीतल्या मुलींनाही अक्षरओळख होत होती. बाबासाहेबांच्या घरात पुस्तक आले ते या वाटेने.

हे आत्ताच लिहायचे कारण असे, की पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी या पट्ट्यात आम्ही तरुणांसोबत काम करतो आणि एक वाद सारखा कानावर येतो. पहाटे रस्त्याने धावणारी, गोळाफेकीचा सराव करणारी पोरे-पोरी पोलीस भरतीच्या, अग्निवीरच्या तयारीत असतात. धानाचे एक पीक, तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्यामुळे त्यांना दोष कोण देणार? पण विहारात कुणी ना कुणी विचारतेच, की पंचशील घेतलेल्याने बंदूक धरावी का. शेजारच्या गडचिरोलीत तर बंदूक दोन्ही बाजूंना गावातल्याच पोरांच्या हाती राहिली आहे, म्हणून हा प्रश्न इकडे पुस्तकी नाही. वादातल्या दोन्ही बाजू बाबासाहेबांचेच नाव घेतात. एक बाजू महार रेजिमेंट सांगते, दुसरी धम्मदीक्षा. आमच्या मते दोन्ही बाजू अर्धेच बाबासाहेब वाचतात.

ते दोन-तीन वर्षांचे असतानाच फौजेचे दार बंद झाले. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धांत पक्का केला आणि महारांची भरती थांबवली. कोकणात गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध आवाज उठवला. रामजी सुभेदारांनी न्या. रानड्यांकडून सरकारला अर्ज लिहून घेतल्याचे चरित्रकार सांगतात. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये हीच मागणी थेट भारतमंत्र्यांकडे नेली. म्हणजे लष्करात घ्या, ही आपल्या समाजाच्या आधुनिक राजकारणातली सर्वांत जुनी मागण्यांपैकी एक. त्या मागणीमागे लढाईची हौस नव्हती. पगार, पेन्शन, शाळा आणि अंगावरचा गणवेश, ज्याच्यासमोर गावचा पाटीलही जरा नरमाईने बोलतो, असा तो व्यवहार होता.

आता लंडनला जाऊ. कोलंबिया विद्यापीठातला अभ्यास आटोपून बाबासाहेब १९१६च्या ऑक्टोबरात तिथे पोचले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटनने इतिहासात पहिल्यांदा सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला होता. आधी अठरा ते एक्केचाळीस वयाचे अविवाहित पुरुष, काही महिन्यांतच विवाहितही. त्या कायद्यात एक वेगळी गोष्ट होती. ज्याची सदसद्विवेकबुद्धी लढायला तयार नाही त्याला सूट मागता येत होती. गावोगावी न्यायाधिकरणे बसली. माणूस समोर उभा राही आणि मी का लढणार नाही हे सांगे. समोर बसलेले व्यापारी, जमीनदार, निवृत्त अधिकारी त्याची उलटतपासणी घेत. सोळा हजारांच्या आसपास माणसांनी असा नकार दिला. कित्येकांना पूर्ण सूट मिळाली नाही, हजारो तुरुंगात गेले. शेजारीपाजारी त्यांना भ्याड म्हणत, त्यांच्या नोकऱ्या जात.

आपल्याकडे सरकारने महाराला सांगितले की तू लढायच्या लायकीचा नाहीस, आणि तेच सरकार आपल्या देशात गोऱ्या माणसाला सांगत होते की लढलास नाही तर तुरुंग. हिंदुस्थानातल्या भारतीयांवर लष्करभरतीची कायदेशीर सक्ती इंग्रजांनी दोन्ही महायुद्धांत केली नाही. १९१७ मध्ये आणि पुन्हा १९४० मध्ये इथे सक्तीचे कायदे झाले ते फक्त इथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांसाठी. (पहिल्या युद्धात पंजाबात गावागावांवर कोटे टाकून माणसे कशी ओढली गेली ते वेगळे प्रकरण आहे. कायद्यात सक्ती नसली म्हणजे सक्ती नसतेच असे नाही.)

लंडनच्या त्या हवेत नकार देणाऱ्यांची बाजू उघड घेणारा एक मोठा माणूस होता, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. एका पत्रकाबद्दल त्याला १९१६ मध्ये दंड झाला, केंब्रिजमधली नोकरी गेली, १९१८ मध्ये तुरुंगवास घडला. त्याच १९१६ साली त्याचे समाजाच्या पुनर्रचनेवरचे पुस्तक आले. आणि १९१८ मध्ये, म्हणजे रसेल तुरुंगात गेला त्याच वर्षी, एका भारतीय अर्थशास्त्रीय नियतकालिकात या पुस्तकावर सविस्तर परीक्षण लिहिले ते सत्तावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी. हा लेख आपल्याकडे फार कमी वाचला जातो, वाचायला हवा. रसेल युद्धाच्या विरोधात आहे म्हणून तो हातपाय गाळून बसायला सांगतो असे भारतीय वाचकाने समजू नये, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. आपल्याकडे निष्क्रियतेला शांतीचे नाव देण्याची सवय आहे, हे त्यांना दिसत होते. बळाचा वापर आणि हिंसा यांत फरक करावा लागतो, बळ विधायक कामाला लावता येते, असे ते मांडतात. शांतता म्हणजे गप्प बसणे नव्हे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात तेव्हापासून पक्की होती.

मधली वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने ते परतले. त्यांचे सामान असलेले जहाज पाणतीराने बुडाले, पुस्तके गेली. बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव हे पद मिळाले, पण राहायला खोली मिळाली नाही. तो अपमान सगळ्यांना माहीत आहे. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा इंग्रजांनी १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्यामागे ही ताजी जखम होती हे आपण दरवर्षी तिथे जाताना विसरतो.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा भारताला न विचारता युद्धात ओढल्याची त्यांची तक्रार होती. तरीही हिटलर जिंकला तर माणसामाणसांत उच्चनीच मानणारा विचारच जगावर राज्य करील, याबद्दल त्यांच्या मनात संशय नव्हता. १९४०च्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये त्यांनी भारतीय सैन्यात कोणत्या प्रांतातले, कोणत्या समाजाचे किती लोक आहेत याचे आकडे मांडून लढवय्या जातींच्या सिद्धांताची चिरफाड केली. १९४१च्या जुलैत ते संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी आपल्या विदर्भात, कामठीला. त्यांनी समाजाला भरती होण्याचे आवाहन केले, अगदी स्पष्ट शब्दांत. त्या युद्धात भारतीय सैन्य पंचवीस लाखांवर गेले, सगळे कागदोपत्री स्वेच्छेने. त्यातल्या किती जणांना उपाशी पोटाने आणून उभे केले, हा प्रश्न समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने विचारायलाच हवा. तोच प्रश्न आजच्या भरतीच्या रांगेलाही लागू आहे.

युद्धाने त्यांच्याकडून काही अवघड कामेही करून घेतली. १९४२ पासून १९४६ पर्यंत ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. तंत्र जाणणाऱ्या कामगारांना युद्धाच्या कारखान्यांत सक्तीने पाठवता येईल असा १९४०चा वटहुकूम होता, त्याची अंमलबजावणी त्यांच्याच खात्याकडे. कोळसा हवा म्हणून १९४३ मध्ये बायकांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली गेली आणि सभागृहात तिचे समर्थन त्यांना करावे लागले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये बंदी परत आली. कोळशाच्या जिल्ह्यात राहून हे पान उलटून टाकणे आम्हाला जमत नाही. युद्ध चालवणाऱ्या सरकारात बसले की हात असे बांधले जातात, आणि बाबासाहेबांचेही बांधले गेले.

मग संविधान. कलम २३ आपण वेठबिगारीविरुद्धचे कलम म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा भाग क्वचितच कुणी वाचतो. राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादता येईल, मात्र तेव्हा केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेद करता येणार नाही, असे तिथे लिहिले आहे. एक काळ महाराला भरतीच नाही आणि गावकीच्या कामाला मात्र महारच, ही जुनी व्यवस्था या एका ओळीने उलटी झाली. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य पुढे कलम २५ मध्ये आहे. युद्धसेवा नाकारण्याचा हक्क असा वेगळा कुठे लिहिलेला नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात साठ हजारांच्या आसपास लोकांनी तो हक्क मागितला होता. आपल्याकडे लष्करासाठी सक्तीच झाली नाही, म्हणून तो प्रश्न कधी दारात आला नाही.

बाबासाहेबांनी तो आपल्या शेवटच्या ग्रंथात आणला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चांदा, ही दीक्षा आपल्या आजी-आजोबांनी घेतली. त्याआधी कित्येक वर्षे ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहीत होते. सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून, हे परंपरेचे उत्तर. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे त्यांना पटणारे नव्हते. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाचा धागा मराठीत आधी धर्मानंद कोसंबींनी दाखवला होता. बाबासाहेबांच्या ग्रंथात तो सभागृहातला प्रसंग होऊन येतो.

शाक्य संघात सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ सांगतो, चूक कुणाची ते आधी तपासा, दोन्हीकडचे दोन-दोन पंच नेमा, त्यांनी पाचवा निवडावा. मतदान होते, सिद्धार्थ हरतो. दुसऱ्या दिवशी सेनापती वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याला फौजेत दाखल होण्याचा ठराव आणतो. आदल्या दिवशी युद्धाविरुद्ध मत देणारे सगळे तिथे असतात, पण परिणाम ठाऊक असल्याने तोंड कुणीच उघडत नाही. सिद्धार्थ एकटा उभा राहतो आणि आपण फौजेत जाणार नाही, युद्धात भाग घेणार नाही असे सांगतो. सेनापती धमकी देतो ती फाशीची नव्हे, कारण तो अधिकार कोसलच्या राजाचा. संघाच्या हातात दुसरे हत्यार असते. घरच्यांवर सामाजिक बहिष्कार घालायचा आणि त्यांच्या जमिनी जप्त करायच्या.

गावाने बहिष्कार घातला म्हणजे काय होते, हे बाबासाहेबांना कुठल्या ग्रंथातून शोधावे लागले नसणार. विहीर बंद, दुकान बंद, मजुरी बंद. आमच्या वाचनात या प्रसंगात लंडनच्या न्यायाधिकरणासमोर उभा असलेला माणूसही दिसतो आणि महाडनंतरच्या गावागावांतली आपली माणसेही. घरच्यांना शिक्षा होऊ नये म्हणून सिद्धार्थ स्वतःहून परिव्रज्या घेऊन देश सोडायचे कबूल करतो. नकार आहे, पण त्याची किंमत त्याने दुसऱ्यावर टाकलेली नाही.

भरतीसाठी आयुष्यभर झगडलेल्या माणसाने हे लिहिले, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. ज्याला दारातच उभे करत नाहीत त्याच्या नकाराला कुणी नकार म्हणत नाही. आधी दार उघडून घ्यावे लागले. जाणारा माणूस आपण कुणाविरुद्ध, कशासाठी जातो हे विचारू शकतो, आणि ते विचारायचा अधिकार पंचशील त्याला देते. पोंभुर्ण्याच्या त्या वादात आम्ही कुणाही पोराला अर्ज भरू नको असे सांगणार नाही. अर्ज भरणाऱ्याने हा प्रसंग वाचलेला असावा, एवढा हट्ट मात्र धरणार.

ग्रंथात पुढे राजगृहाजवळ सिद्धार्थाला बातमी मिळते, की शाक्य-कोलीयांचा समेट झाला, युद्ध टळले. आता परत जायला हरकत नव्हती. तो जात नाही. देशादेशांतले युद्ध अधूनमधून होते, वर्गावर्गांतला झगडा रोजचा आहे, त्याचे मूळ शोधायचे असा त्याचा विचार होतो. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ला गेले, ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला. हा प्रसंग पहिल्या खंडाच्या पहिल्याच भागात आहे. वर्षावासाचे वाचन सुरू झाले की तो पहिल्या काही दिवसांतच येतो, आणि तेव्हा इकडे धानाची रोवणी चालू असल्याने विहारात तरुण पोरे थोडीच असतात.