श्रेष्ठिवर्य प्रेमचंद रायचंद : वैभव, पडझड आणि बोध

मुंबईच्या इतिहासात शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव दातृत्वासाठी आदराने घेतले जाते. त्यांच्या चरित्रातील एक कठीण पर्वही प्रत्येक व्यापाऱ्याने मनन करावे असे आहे.

१८३१ साली सुरतेच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांसमवेत मुंबईस येऊन ते इंग्रजी शिकले व तरुण वयातच दलालीत अग्रेसर झाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशातून नव्या बँका व कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन मिळविण्यासाठी निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या उलाढालीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदशेठ होते.

युद्ध केव्हातरी थांबणार हे उघड होते. परंतु त्यानंतर बाहेर कसे पडावयाचे, याची तजवीज फारच थोड्यांनी केली होती. शेअर तारण ठेवून कर्ज आणि कर्जातून पुन्हा शेअर, असा व्यवहार चालला होता. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले व कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा विकणारे सारेच, घेणारा मात्र कोणी नाही, अशी अवस्था झाली. अनेक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदशेठही त्यातून सुटले नाहीत.

एक धन मात्र सुरक्षित राहिले. १८६४ मध्ये, ऐन भरभराटीत, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मातोश्रींच्या नावाचा २८० फुटी राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला.

शेठजी खचले नाहीत. ते पुन्हा उभे राहिले आणि १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या शेअर दलालांच्या संस्थेचे एक संस्थापक ठरले. १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा आधीच ठरविली जाते. लोभ अनावर झाल्यावर ती ठरविता येत नाही. व्यापारातही किती लाभाला थांबावे व किती हानीला माघार घ्यावी, हे रक्कम गुंतविण्यापूर्वीच निश्चित करावे. भाव कोसळू लागल्यावर तो निर्णय आपल्या हाती उरत नाही, हाच या चरित्राचा बोध होय.