लिझ्यूची धाकटी तेरेजा

फ्रान्स देशातील आलाँसाँ गावी सन १८७३ मध्ये जन्मलेली संत तेरेजा चार वर्षांची असतानाच आईस मुकली. पंधराव्या वर्षी, सन १८८८ मध्ये, तिने लिझ्यू येथील कार्मेल मठात प्रवेश केला व ती मरेपर्यंत तेथेच राहिली. देवाच्या प्रीतीस सर्वस्वाने उत्तर द्यावे, दूरदेशी जाऊन ख्रिस्तासाठी रक्त सांडावे, अशी तिची तळमळ होती; परंतु हाती आले ते झाडणे, धुणे!

मठात एक वृद्ध, पंगू भगिनी होती. (अशी एक म्हातारी, प्रिय वाचकहो, आपल्या घरांतही असतेच.) रोज सायंकाळी तिला भोजनगृहात पोहोचवावे लागे. तिची मर्जी राखणे महाकठीण. तरीही तेरेजेने मनाविरुद्ध ते काम मागून घेतले. मागून कमरपट्टा धरून जपून चालवावे, तर किंचित घाई झाली की पाडतेस म्हणून कुरकुर. मागे राहिली की हात सुटला म्हणून कुरकुर! पुढे, त्या अधू हातांना पाव कापणे जड जाते, हे तेरेजेच्या ध्यानी आले. कोणी न सांगता ती पाव कापून देऊ लागली, आणि निघताना तिच्याकडे पाहून गोड हसू लागली. म्हातारीचे मन जिंकले ते ह्या हास्याने.

क्षयाने ती सन १८९७ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, निवर्तली. सन १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला संतपद दिले. आणि दोन वर्षांनी, मठाबाहेर धर्मप्रसारास कधीही न गेलेल्या ह्या कुमारिकेस, गोव्यात ज्यांचा देह विसावला आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या जोडीने, सर्व मिशनांची आश्रयदात्री नेमले.