तुरुंगाच्या भिंतीआडून स्नेहाची हांक

ज्या मनुष्यास कायद्यानें चार भिंतींच्या आंत कोंडिलें, त्यास बाहेरच्या जगाशीं स्नेह राखण्याचा अधिकार उरतो कीं नाहीं, या प्रश्नाचा आमच्या समाजानें नीट विचार केलेला नाहीं. कैद्याचें पत्र घरीं आलें कीं तें शेजाऱ्यांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून लपविलें जातें, व पुष्कळदां त्यास उत्तरहि जात नाहीं. ही चाल सोडली पाहिजे असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु कोरडा उपदेश करण्यापेक्षां एका परदेशीय विदुषीचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अधिक उचित वाटतें.

रोझा लुक्झेंबुर्ग बाईंचा जन्म ५ मार्च १८७१ रोजीं, रशियाच्या अमलाखालील पोलंडांत, झामोश्च या गांवीं एका यहुदी कुटुंबांत झाला. वडील लांकडाचे व्यापारी होते. लहानपणींच कंबरेच्या दुखण्यानें बाईंस दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहावें लागलें, व त्यामुळें त्या जन्मभर लंगडत चालत. पण शरीराचें हें उणें बुद्धीच्या आड आलें नाहीं. स्त्रियांस पुष्कळ विद्यापीठांचीं द्वारें बंद होतीं अशा काळीं त्यांनीं स्वित्झर्लंडांत झुरिक येथें अध्ययन केलें, आणि पोलंडच्या औद्योगिक वाढीवर प्रबंध लिहून १८९७ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली. पुढल्या वर्षीं त्या बर्लिनला आल्या, आणि लेखणी व वाणी यांच्या बळावर जर्मनीच्या समाजवादी पक्षांत अग्रभागीं चमकूं लागल्या.

१९१३ च्या सप्टेंबरांत एका भाषणांत, परदेशांतील आपल्या बांधवांवर कामगारांनीं शस्त्र उचलूं नये, असें त्यांनीं निर्भयपणें सांगितलें. त्याबद्दल १९१४ च्या फेब्रुवारींत फ्रँकफुर्टच्या न्यायालयानें त्यांस एक वर्षाची शिक्षा दिली. महायुद्ध सुरू झाल्यावर, १९१५ च्या फेब्रुवारींत, बर्लिनच्या स्त्रियांच्या तुरुंगांत त्यांची रवानगी झाली. वर्षानें सुटका झाली खरी, पण १९१६ च्या जुलईंत त्यांस पुन्हां पकडण्यांत आलें. या वेळीं ना चौकशी, ना शिक्षेची मुदत. प्रथम बर्लिन, मग व्रोंके येथील किल्ला, मग ब्रेसलौचा तुरुंग, अशा फेऱ्यांत १९१८ चा नोव्हेंबर उजाडला.

इतक्या दीर्घ एकांतवासांत मनुष्य एक तर कडवट होतो, नाहीं तर खचतो. बाईंनीं तिसरा मार्ग धरिला. त्यांनीं पत्रें लिहिलीं. त्यांचे सहकारी कार्ल लीबक्नेख्ट हेहि १९१६ पासून तुरुंगांतच होते. त्यांच्या पत्नी सोफी या तीन सावत्र मुलांसह मागें एकट्या राहिल्या होत्या. बंदींत असलेल्या बाईच बाहेर असलेल्या सोफींस धीर देत. हान्स डीफेनबाख नामक डॉक्टर मित्र सैन्यांत होते. त्यांस पुस्तकांविषयीं, काव्याविषयीं, जुन्या आठवणींविषयीं त्या लिहीत. १९१७ च्या ऑक्टोबरांत ते रणांगणावर पडले, तेव्हां उत्तर देणारा एक हातच नाहींसा झाला. तरीहि बाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं.

या पत्रांत स्वतःच्या दुःखाचें रडगाणें क्वचितच आढळतें. व्रोंके येथें त्यांस एका लहानशा बागेंत फिरण्याची मोकळीक होती. तेथें येणारे पक्षी, उमलणारीं फुलें, आकाशांतले ढग यांचीं वर्णनें त्या मित्रांस पाठवीत. मित्र उलट फुलें व पानें धाडीत, तीं त्या वहींत दाबून जपून ठेवीत. १९१७ च्या डिसेंबरांत ब्रेसलौच्या तुरुंगाच्या अंगणांत, रुमानियांतून लुटून आणिलेल्या रेड्यांस एक शिपाई निर्दयपणें झोडपीत असलेला त्यांनीं पाहिला. त्या मुक्या जनावराकडे पाहून आपणांस रडूं आवरलें नाहीं, हें त्यांनीं सोफींस कळविलें. जिला स्वतःस दाराबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, तिला एका रेड्याची वेदना आपली वाटली. हें सामर्थ्य कोठून आलें? आमच्या मतें तें स्नेहांतून आलें. आपलें बोलणें ऐकणारें कोणी तरी आहे, ही खात्रीच अंतःकरण जिवंत ठेविते.

सुटकेनंतर बाईंस दोन महिन्यांहून फार थोडा अधिक काळ लाभला. १५ जानेवारी १९१९ रोजीं बर्लिनमध्यें सैनिकांनीं त्यांची व लीबक्नेख्ट यांची हत्या केली, व बाईंचें शव कालव्यांत फेंकून दिलें. परंतु सोफींस लिहिलेलीं पत्रें १९२० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. ज्यांस बाईंचीं राजकीय मतें मुळींच मान्य नव्हतीं, अशांसहि त्या पत्रांनीं त्यांच्या मोठ्या मनाची ओळख पटविली.

आतां कोणी म्हणेल, त्या राजकीय बंदिवान होत्या. चोराची व खुन्याची गोष्ट निराळी. अपराध निराळा हें आम्ही मान्य करितों. परंतु एकांताचें दुःख अपराधाची जात पाहून कमीअधिक होत नाहीं. न्यायाधीश मनुष्याचें स्वातंत्र्य कांहीं मुदतीपुरतें काढून घेतो. त्याच्या आईनें, भावानें, मित्रानें त्यास टाकावें असें कोणत्याहि निकालपत्रांत लिहिलेलें नसतें. ती जादा शिक्षा समाज आपल्या मनानें देतो. आणि मुदत संपल्यावर तोच मनुष्य आपल्याच पेठेंत परत येतो. ज्यास कोणीं ओळ लिहिली नाहीं तो कोणत्या मनानें परत येईल, हें सुज्ञांनीं ताडावें.

आमचे व्यापारी वाचक पत्राची किंमत उत्तम जाणतात. आलेल्या पत्रास वेळेवर पोंच न दिली तर वर्षानुवर्षांची पेढी पत गमावते, हें त्यांस सांगावयास नको. माणुसकीच्या पेढीचा नियमहि तोच आहे. ज्यांच्या नात्यांत, आळींत किंवा दुकानाच्या जुन्या नोकरांत कोणी बंदींत असेल, त्यांनीं या आठवड्यांत त्यास चार ओळी लिहाव्या. दोष काढूं नयेत, उपदेश करूं नये, घरची खुशाली व गांवचें पाऊसपाणी कळवावें. खर्च थोडा, श्रम त्याहून थोडे. पण भिंतीपलीकडे त्या चार ओळींची वाट पाहणारा मनुष्य आहे, हें विसरूं नये.