डिचोलीचे बिशप मातेउश द काश्त्रु महाले

मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या समोर, दिवाडी नावाचे एक बेट आहे. बेटाच्या पलीकडच्या अंगाला नदीचा फाटा ओलांडला की डिचोली महालातील नार्वे गाव लागते. अंतर म्हणाल तर होडीने सहज पार व्हावे एवढेच. परंतु सतराव्या शतकात या पाण्याच्या एका काठावर पोर्तुगालच्या राजाचा अंमल होता आणि दुसऱ्या काठावर विजापूरच्या आदिलशहाचा. दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देऊळ फिरंग्यांनी पाडले तेव्हा भक्तांनी देवाला नदीपार नार्व्याला नेले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. मात्र त्याच दिवाडी बेटावरील एक ख्रिस्ती बिशपही फिरंगी अंमलाबाहेर डिचोलीच्या आसऱ्याला येऊन राहिला होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

मातेउश द काश्त्रु यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडीवरील नावेली गावी, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण घराण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव महाले. बारदेशातील रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. बुद्धी तल्लख, स्वभाव मानी, आणि मनात एकच ध्यास, की आपण पाद्री व्हावे. परंतु गोव्याच्या तेव्हाच्या आर्चबिशपांचा एतद्देशीय ब्राह्मणांना दीक्षा देण्यास विरोध होता. ज्या थोड्या एतद्देशीयांना आधी दीक्षा मिळाली होती, त्यांच्याही वाट्याला बहुधा गोऱ्या पाद्र्याच्या हाताखालची कामेच येत.

प्रस्तुत लेखकाचा जन्म दरबारी गवयाच्या घरचा. त्यामुळे या प्रकाराचे नवल वाटत नाही. जुन्या घराण्यांतून परक्या घरच्या शिष्याला गंडा बांधीत, त्याच्याकडून सेवाही भरपूर घेत, बैठकीत त्याला तंबोऱ्यावर मागे बसवीत. परंतु खास चिजा मात्र पोटच्या पोरासाठी राखून ठेवीत. शिष्य कितीही तयार झाला तरी तो घरचा नव्हे. गोव्याच्या चर्चमध्ये महाल्यांची गत नेमकी अशी झाली.

वास्तविक ख्रिस्ती धर्माची पहिली परंपरा याहून अगदी निराळी होती. पहिल्या शतकात पौल गावोगाव हिंडून मंडळ्या स्थापी आणि तेथील माणसांच्याच हाती त्या सोपवून पुढे जाई. त्याचा लाडका सहकारी तीमथ्य हा लुस्त्र गावाकडचा. आई यहुदी, बाप ग्रीक. वयानेही तो कोवळा होता. अशा दोन समाजांच्या सीमेवरील पोराच्या डोक्यावर हात ठेवून पौलाने त्याला इफिससारख्या मोठ्या नगरीतील मंडळीचा कारभार सांगितला, आणि तरुण म्हणून कोणाकडून कमी लेखून घेऊ नकोस, असे बजावले. ज्या धर्माच्या आरंभी तीमथ्य आहे, त्याच धर्माच्या गोव्यातील पीठाने सोळाशे वर्षांनंतर दिवाडीच्या तरुणाला जन्मावरून अपात्र ठरवावे, हा काळाचा विपर्यास म्हणावा लागेल.

महाले हिरमुसून घरी बसणाऱ्यांपैकी नव्हते. ते खुष्कीच्या वाटेने इराणमार्गे निघाले आणि १६२५ साली रोमला पोचले. वेळ अनुकूल होती. पूर्वेकडील चर्चवर बिशप नेमण्याचा हक्क पोपांनी पूर्वी पोर्तुगालच्या राजाला दिला होता. आता रोमला ते ओझे वाटू लागले होते. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांदा फिदे' ही संस्था काढली होती. तिचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली यांचे मत असे, की परदेशातील चर्च टिकायचे असेल तर त्या त्या देशाचेच पाद्री तयार झाले पाहिजेत. असा माणूस शोधत असलेल्या इंगोलींपुढे महाले आपण होऊन येऊन उभे राहिले.

रोममध्ये त्यांनी अभ्यास पुरा केला आणि १६३० च्या सुमारास त्यांना दीक्षा मिळाली. १६३३ साली ते गोव्यास परतले. परंतु रोमची कागदपत्रे हाती असूनही गोव्यात त्यांना काम करू दिले गेले नाही. ते पुन्हा रोमला गेले. तेव्हा १६३७ साली पोप आठवे अर्बन यांच्या कारकीर्दीत त्यांना बिशपपद देण्यात आले. लॅटिन विधीचे पहिले भारतीय बिशप ते हेच. पद होते क्रिसोपोलिसचे. ज्यांना पोर्तुगालच्या हक्काला न डिवचता पूर्वेकडे धाडायचे, त्यांना एखाद्या लयाला गेलेल्या प्राचीन बिशपपीठाचे नाव देण्याची ही युक्ती होती. प्रत्यक्ष काम मात्र आदिलशाही मुलखाचे, आणि तेही थेट पोपच्या हुकमतीखाली.

म्हणून डिचोली. आज डिचोली आणि पेडणे म्हटले की गोव्याचेच तालुके डोळ्यांपुढे येतात. परंतु हे महाल पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत मोडतात. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली त्यांच्या हाती गेले. महाल्यांच्या काळी हा सारा टापू त्यांच्या हद्दीबाहेर होता. डिचोलीला बिशपांनी चर्च उभारले आणि ज्यांना गोव्यात दार बंद होते अशा तरुणांना दीक्षा देण्यास प्रारंभ केला. मुसलमान बादशहाच्या मुलखात त्यांना जी मोकळीक मिळाली, ती ख्रिस्ती राजाच्या राज्यात मिळाली नव्हती. गोव्याच्या धर्मपीठाने अर्थातच त्यांचे अधिकार मानले नाहीत, आणि त्यांच्या हातून दीक्षा घेतलेल्यांनाही त्रास सोसावा लागला.

मधल्या काळात रोमने त्यांना इथिओपियाच्या कामावरही नेमले. परंतु त्या देशात प्रवेश मिळाला नाही, आणि ते पुन्हा डिचोलीकडे वळले. आता संघर्ष तीव्र झाला. १६५३ साली त्यांनी गोव्यातील ब्राह्मणांना उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाचे एक जहाल पत्र लिहिले. त्यात पोर्तुगीजांच्या जाचाचा पाढा वाचून त्यांनी आपल्या ज्ञातीला जागे होण्यास सांगितले. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौजा बारदेशावर चालून आल्या. या चढाईमागे बिशपांचा हात आहे, वेंगुर्ल्याच्या वखारीतील डच लोकांशीही त्यांचे संधान आहे, असे आरोप पोर्तुगीजांनी केले. ज्या चर्चचे ते बिशप, त्याच चर्चच्या रक्षक म्हणविणाऱ्यांच्या लेखी ते राजद्रोही ठरले.

त्यांच्या चरित्रात एक उणे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांची हाक ब्राह्मणांना होती. चर्चमधील जन्माची भिंत त्यांनी पाडू पाहिली ती मुख्यतः आपल्या ज्ञातीपुरती. इतर जातींच्या ख्रिस्तींसाठी तेवढी तळमळ त्या पत्रात दिसत नाही. घराण्याबाहेर ठेवलेला शिष्य उस्ताद झाला, की तोही पुष्कळदा आपले नवे घराणे बांधतो आणि त्याचे दार आतून लावून घेतो. मानी माणसांचे हे दुबळेपण आपल्यास अपरिचित नाही.

१६५८ च्या सुमारास ते डिचोली सोडून रोमला गेले ते कायमचेच. १६७७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. परंतु वाट मोडली नव्हती. त्यांच्या जागी १६६९ साली कुस्तोदियु द पिन्यु या गोमंतकीयाचीच नेमणूक झाली, आणि त्यांच्याच नात्यातील तोमाश द काश्त्रु यांच्याकडे कानडा प्रांत आला. १६८७ साली श्रीलंकेत गुप्तपणे उतरून तेथील चर्च जगविणारे आणि २०१५ साली संतपदास पोचलेले जुझे वाझ हेही गोमंतकीय पाद्रीच. तथापि गोव्यात जुने दुखणे बरे झाले नव्हते. १७८७ साली पिंटोंचा उठाव फसला तेव्हा पकडल्या गेलेल्यांत कितीतरी पाद्री होते. बढती डावलली जाण्याची चीड त्यामागे होती, आणि एक सूत्रधार पाद्री गोन्साल्विस दिवाडीचेच होते.

गोव्याच्या आर्चबिशपपदी पहिला गोमंतकीय, राउल गोन्साल्विस, बसला तो १९७८ साली. म्हणजे महाल्यांच्या मृत्यूनंतर तीनशे एक वर्षांनी. दिवाडीवरून नदीपार दिसणाऱ्या डिचोलीत महाले यांनी जे काम आरंभिले, ते जुन्या गोव्याच्या काठावर पोचायला एवढा काळ लागला.