डॉ. हार्वे कुशिंग : मेंदूचे शस्त्रवैद्य

मनुष्याच्या मेंदूभोवती हाडाची कवटी आहे. ती बंद पेटीसारखी असल्यामुळे आत गाठ वाढू लागली अथवा रक्त साचले, तर त्यास पसरावयास जागा मिळत नाही. मेंदूच चेपला जातो. मग डोके असह्य दुखते, वांत्या होतात, दृष्टी मंदावते आणि अखेर मृत्यू येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अशा रोग्यांस फारशी आशा नसे. कवटी उघडण्याचे धाडस कोणी केलेच, तरी पुष्कळ रोगी रक्तस्रावाने किंवा जखम चिघळून दगावत. ही स्थिती ज्यांच्या श्रमाने पालटली, त्यांत डॉ. हार्वे कुशिंग हे अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी ८ एप्रिल १८६९ रोजी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील व आजोबा दोघेही वैद्य होते. हार्वर्ड येथे वैद्यक शिकत असता, १८९३ साली, एका रोग्यास ईथर हुंगवून भूल देण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे काम नवख्या विद्यार्थ्यांस धड शिकविल्यावाचूनच सांगितले जाई. तो रोगी मरण पावला. त्या काळी अशा मृत्यूंचे कोणास विशेष वाटत नसे. परंतु कुशिंग ह्यांच्या मनास एवढा धक्का बसला की, वैद्यकविद्याच सोडून द्यावी असा विचार त्यांनी केला.

त्यांनी ती सोडिली नाही. अर्नेस्ट कॉडमन नामक सहाध्यायासह त्यांनी एक साधी रीत पाडिली : भूल दिल्यापासून रोग्याची नाडी व श्वास थोड्याथोड्या वेळाने मोजावे आणि कागदावर मांडावे. नाडी बिघडू लागली की कागद आधीच सावध करी. पुढे १९०१ साली ते इटलीतील पाविया येथे गेले असता, दंडास पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची ह्यांचे साधन त्यांनी पाहिले व ते अमेरिकेस आणिले. त्याच प्रवासात, स्वित्झर्लंडमधील बर्न येथे प्रयोग करून, कवटीतील दाब वाढला म्हणजे शरीराचा रक्तदाबही चढतो, हे त्यांनी दाखविले. आजही डोक्यास मार लागलेल्या मनुष्याचा रक्तदाब चढू लागला व नाडी मंद झाली, तर ही धोक्याची खूण होय असे डॉक्टर समजतात.

प्रथम बाल्टिमोर व १९१२ नंतर बोस्टन येथे त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेसच आयुष्य वाहिले. ते सावकाश काम करीत. एकेका शस्त्रक्रियेस कित्येक तास लागत. रक्तवाहिन्या मिटविण्यासाठी १९११ साली त्यांनी चांदीच्या बारीक चिमट्या प्रचारात आणिल्या. १९२६ साली एका रोग्याच्या डोक्यातील गाठ काढताना रक्त थांबेना, म्हणून त्यांस हात आवरावा लागला. तेव्हा बोव्ही नामक पदार्थविज्ञानवेत्त्याने केलेले, विजेच्या योगे रक्त थांबविणारे यंत्र त्यांनी मागविले आणि त्याच रोग्याची ती गाठ थोड्याच दिवसांनी काढिली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा मोटार अपघातात मरण पावला. ही वार्ता कळल्यावरही, त्या दिवशी ज्या रोग्याची शस्त्रक्रिया ठरली होती, ती त्यांनी पार पाडिली.

स्वभावाने ते कडक होते. हाताखालील माणसांस त्यांचा जाच होई. पण हिशेबाच्या बाबतीत त्यांनी स्वतःसही सूट दिली नाही. प्रत्येक रोग्याची हकीकत व चित्रे ते ठेवीत, काढलेली गाठ जपून ठेवीत, बरे झालेल्यांनी दर वर्षी पत्राने प्रकृती कळवावी असे सांगत, आणि जे मेले त्यांच्या मरणाचे कारण शोधीत. १९३१ साली त्यांच्या नोंदीत मेंदूच्या गाठींचे २००० रोगी पुरे झाले. तोवर त्यांच्या हाती शस्त्रक्रियेने दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा १० च्या आसपास आले होते.

७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने ते निवर्तले. मरणोत्तर तपासणीत त्यांच्याही मेंदूत एक लहान गाठ आढळली. तिने त्यांस कधी त्रास दिला नव्हता. त्यांनी जपलेले मेंदू व गाठी येल विद्यापीठात असून, २०१० पासून त्या लोकांस पाहावयास खुल्या आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरच्या माणसाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्याची नाडी, श्वास व रक्तदाब वेळोवेळी टिपून ठेविला असेल. ही चाल पाडणाऱ्यांत तो हताश झालेला विद्यार्थी होता. झालेल्या हानीचा नुसता शोक न करिता तिची नोंद ठेविली, म्हणजे पुढच्याचा जीव वाचू शकतो, हे त्याच्या चरित्रावरून दिसून येते.