वॉशिंग्टन यांचा शेवटचा दात

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. वय होते ५७.

गंमत म्हणजे ते दातांबाबत निष्काळजी नव्हते. ब्रश आणि दंतमंजन नेमाने वापरत. तरीही चोविसाव्या वर्षी पहिला दात काढावा लागला. त्यानंतर त्यांच्या रोजनिशीत आणि हिशेबाच्या वह्यांत दातदुखी, सुजलेल्या हिरड्या आणि दंतवैद्यांची बिले सतत डोकावतात. दातांनी अक्रोड फोडल्याचा हा परिणाम, असे ते सांगत म्हणे.

खरे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. व्हर्जिनियातल्या जमीनदारांच्या टेबलावर वेस्ट इंडीजची साखर नित्याची झाली होती. दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू ही साखर खाऊन आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या कठीण आवरणातले, म्हणजे इनॅमलमधले, क्षार विरघळतात. लाळ ते थोडेफार भरून काढते, पण गोड खाणे वारंवार झाले की तिला उसंत मिळत नाही. इनॅमलला संवेदना नसते, म्हणून सुरुवातीला काहीच दुखत नाही. आतल्या मऊ थराला कीड पोहोचली की थंड-गोड झोंबते, आणि नसेपर्यंत गेली की माणूस रात्रभर जागतो. ओपीडीत रुग्ण येतो तो बहुधा याच टप्प्याला. हिरड्यांच्या आजाराने दात हलू लागतात ती वाट वेगळी. वॉशिंग्टन यांना बहुधा दोन्ही भोवल्या.

दातात खरोखरच किडा शिरतो, अशी समजूत जगभर होती. आपला ‘कीड’ हा शब्द तिचीच आठवण, आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडणारेही आपल्याकडे होतेच. जिवाणू आणि आम्लाची जोडी बर्लिनमध्ये विलोबी मिलर यांनी मांडली ती १८९० मध्ये, वॉशिंग्टन जाऊन ९१ वर्षे झाल्यावर.

मग उरल्या कवळ्या. त्या लाकडी होत्या ही दंतकथाच. पाणघोड्याचा दात कोरून केलेला पाया, त्यात बसवलेले माणसांचे आणि जनावरांचे दात, आणि वर-खालचे भाग जोडणाऱ्या स्प्रिंगा. ओठ आवळून धरले नाहीत तर तोंड आपोआप उघडायचे. एक डॉलरच्या नोटेवरचा तो घट्ट मिटलेला चेहरा पाहा.

माणसांचे दात कुठून आले? १७८४ च्या हिशेबात नऊ दातांपोटी गुलामांना १२२ शिलिंग दिल्याची नोंद आहे. ते वॉशिंग्टन यांच्याच कवळीत बसले की नाही, हे नोंदीतून कळत नाही. पण पैसे दिले म्हणजे व्यवहार राजीखुशीचा झाला, असे मानायला माझे मन तयार होत नाही. मालकाला नकार कोण देणार? वेस्ट इंडीजची ती साखरही गुलामांच्याच श्रमातून येत होती.

शपथविधीच्या वर्षी दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी केलेल्या कवळीत, उरलेल्या एका दातासाठी भोक ठेवले होते. १७९६ मध्ये तोही निघाला. ग्रीनवुड यांनी तो काचेच्या छोट्या डबीत जपून ठेवला.