विश्लेषण : गॅसबत्तीपासून पशुखाद्यापर्यंत… ‘रेअर अर्थ’ला गिऱ्हाईक शोधणारे कार्ल आउअर कोण होते?

नुकत्याच दूध तुटलेल्या डुकराच्या पिल्लांना खाद्यातून लँथेनम आणि सिरियमचे क्षार दिले, तर ती लवकर वाढतील का? ऐकायला विचित्र वाटते, पण हा प्रस्ताव खरोखर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणासमोर आला आणि २०१३ मध्ये त्यावर प्राधिकरणाने मतही दिले. प्रस्ताव होता ऑस्ट्रियातील ट्राइबाखर कंपनीचा. तिचा पाया १८९८ मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी घातला होता.

एकाचे दोन कसे झाले?

आउअर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्नात झाला. वडील सरकारी छापखान्याचे प्रमुख होते. हायडेलबर्गला ते रॉबर्ट बुन्सेन यांच्याकडे शिकले. प्रयोगशाळेतला बर्नर ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे बुन्सेन. तिथेच आउअर यांना ‘रेअर अर्थ’चा नाद लागला.

नाव ‘रेअर’ असले तरी ही मूलद्रव्ये तितकी दुर्मिळ नाहीत. त्यांचे रासायनिक गुणधर्म इतके सारखे असतात की एकमेकांपासून वेगळी करणे जिकिरीचे होते. ‘डिडिमियम’ हे तर ४० वर्षांहून अधिक काळ एकच मूलद्रव्य समजले जात होते. आउअर यांनी त्याचे क्षार विरघळवले, स्फटिक काढले, पुन्हा विरघळवले. असे शंभरावर वेळा केल्यावर १८८५ मध्ये एका बाजूला हिरवट क्षार उरले, दुसऱ्या बाजूला गुलाबी. हीच आजची प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम. ई-वाहनांच्या मोटारीतील चुंबकासाठी जगभर जी ओढाताण चालू आहे, ती यांच्यासाठीच.

गॅसबत्तीचा मेंटल कोणी शोधला?

आउअर यांनीच. सुती जाळी क्षारांच्या द्रावणात भिजवायची आणि पेटवायची. सूत जळून जाते, मागे ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि गॅसच्या ज्योतीत तो लखलखतो. पहिला मेंटल मात्र फसला. उजेड हिरवट होता, जाळी लगेच तुटायची. १८८९ मध्ये कारखाना बंद पडला. दोन वर्षांनी ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड हे प्रमाण सापडले आणि जगभरचे रस्ते उजळले. आपल्याकडे वरातीत डोक्यावरून नेल्या जाणाऱ्या पेट्रोमॅक्समध्ये हाच मेंटल असायचा.

लायटरचा खडा कुठून आला?

थोरियम मिळे मोनाझाइट वाळूतून. त्रावणकोर संस्थानात मनवलकुरिचीला १९०९ मध्ये ही वाळू सापडली, तीही याच मागणीच्या काळात. पण वाळूत थोरियम जेमतेम काही टक्के आणि निम्म्याहून अधिक भाग सिरियम, लँथेनम वगैरेंचा. मेंटलला सिरियम लागे चिमूटभर, म्हणजे बाकीचा माल पडून. आउअर यांनी त्यात सुमारे ३० टक्के लोखंड मिसळले आणि घासले की ठिणगी पडते हे दाखवले. १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. लायटरमधला खडा तो हाच.

सगळेच डाव जिंकले असे नाही. ७१ व्या मूलद्रव्याच्या शोधाचा मान फ्रान्सच्या जॉर्ज उर्बां यांच्याकडे गेला आणि आउअर यांनी दिलेले ‘कॅसिओपियम’ हे नाव मागे पडले. ४ ऑगस्ट १९२९ रोजी ट्राइबाखजवळच्या आपल्या वाड्यात त्यांचे निधन झाले.

मग पशुखाद्याचे काय?

ही कल्पना आउअर यांची नव्हे. खाद्यात रेअर अर्थ मिसळण्याचा प्रकार चीनमध्ये १९८० च्या दशकापासून रुळला. युरोपात वाढीसाठी खाद्यातून प्रतिजैविके देण्यावर १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी आली आणि तिथेही पर्यायांचा शोध वाढला. त्यातच चुंबकांसाठी निओडिमियम काढताना सिरियम आणि लँथेनम भरमसाट निघतात. आउअर यांच्यापुढे जे कोडे होते, जवळपास तेच.

हे क्षार आतड्यातून रक्तात फारच कमी जातात. परिणाम बहुधा आतड्यातल्या जिवाणूंवर होत असावा, असा अंदाज आहे. प्रयोगांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. उरलेला जवळजवळ सगळा धातू शेणाबरोबर बाहेर पडतो आणि खत म्हणून शेतात जातो. त्यामुळे अशा प्रस्तावाची छाननी करताना जनावर आणि मांस खाणारा माणूस यांच्याबरोबर मातीचाही हिशेब मांडावा लागतो.